नोंद न झालेला ताप

२०२० च्या सप्टेंबरातील एक रात्र. साडेदहा वाजून गेले होते. म्हैसूरच्या अग्रहारातील १०१ गणपतींच्या देवळाजवळचा चौक एरवी या वेळी नुकता कुठे शांत होऊ लागलेला असतो. त्या वर्षी तो संध्याकाळपासूनच ओस पडे. आमच्या गल्लीतील एका फुलविक्रेत्याच्या पत्नीचा दूरध्वनी आला. वाणीविलास बाजारात त्यांचा मोगऱ्याचा आणि शेवंतीचा धंदा; टाळेबंदीत तो बसलेला, आणि नंतरही धड उभा न राहिलेला. मुलाला दोन दिवसांपासून ताप होता. डोके फार दुखते म्हणत होता. दोनदा उलटी झाली होती. आणि आई म्हणाली, ‘‘डॉक्टर, दिवा लावला की तो रडतो.’’

मुलगा नऊ वर्षांचा. जन्मापासून माझ्याकडे येणारा. या भागात बालरोगतज्ज्ञ म्हणून मी तीस वर्षांहून अधिक काळ काढला आहे. ताप, डोकेदुखी, उलटी आणि उजेड सहन न होणे ही चार लक्षणे एका दमात ऐकल्यावर वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही जे सुचावे, ते मला त्या रात्री सुचले नाही. मी म्हणालो, ‘‘सध्या ताप म्हणजे आधी कोविडची चाचणी. उद्या सकाळी करून घ्या, मग बघू.’’ हनुवटी छातीला टेकवता येते का ते जरा पाहा, एवढे एकच वाक्य मी बोलायला हवे होते. ते मी बोललो नाही. त्या महिन्यात म्हैसूर जिल्ह्यात रोज शेकडो नवे कोविडरुग्ण सापडत होते आणि माझ्या डोक्यातही त्या एका विषाणूखेरीज दुसऱ्या कशाला जागा उरलेली नव्हती.

पुढचे थोडक्यात सांगतो. सकाळी चाचणीसाठी रांग. दुपारी मुलगा गुंगीत जाऊ लागला, म्हणून शहरातील एका रुग्णालयात नेले. तेथे ‘संशयित’ कक्षात ठेवले गेले, कारण अहवाल आल्याशिवाय त्याला साध्या बालरुग्ण विभागात घेता येत नव्हते. प्रतिजैविकाचे इंजेक्शन सुरू झाले, हे चांगलेच झाले. पण पाठीतून पाणी काढून तपासण्याचे काम अहवालापर्यंत थांबले. अहवाल आला दुसऱ्या दिवशी रात्री: कोविड नाही. मग पाठीतून पाणी काढले गेले. ते स्वच्छ होते, गढूळ नव्हते. त्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या, साखर मात्र नेहमीसारखी. म्हणजे मेंदूच्या आवरणाला आलेली सूज जिवाणूंमुळे नव्हे, विषाणूमुळे असावी. आठव्या दिवशी मुलगा चालत घरी आला. घरी जाताना मिळालेल्या कागदावर लिहिले होते: ‘व्हायरल मेनिंजायटिस. प्रकृती सुधारली.’

कोणता विषाणू, हे कोणी तपासले नाही. मीही विचारले नाही. मुलगा वाचला होता आणि त्या दिवसांत एवढे पुरेसे वाटत असे.

मेनिंजायटिस या शब्दाने मराठीत काय, कन्नडमध्ये काय, एकच थरकाप उडतो, आणि ‘मेंदुज्वर’ या एका नावाखाली आपण दोन-तीन वेगळ्या गोष्टी टाकतो. मेंदूभोवतीच्या पातळ आवरणांना सूज आली तर तो मेनिंजायटिस. खुद्द मेंदूच्या पेशींना आली तर एन्सेफलायटिस. दोन्हींची सीमा रोग्याच्या शरीरात पुस्तकातल्याइतकी स्पष्ट नसते. जिवाणूंमुळे होणारा मेनिंजायटिस तासांच्या हिशोबाने मारतो. विषाणूंमुळे होणारा बहुधा आठवड्याभरात आपला आपण उतरतो, आणि म्हणूनच त्याकडे कोणी फारसे वळून पाहत नाही. दोहोंची सुरुवात मात्र सारखी असते. त्या मुलाच्या बाबतीत माझ्या एका वाक्यामुळे आणि एका नियमामुळे निदान जवळजवळ दोन दिवसांनी लांबले. तो वाचला यात आमचे कर्तृत्व थोडे आणि विषाणूचे सौम्यपण अधिक. पाठीतले पाणी गढूळ निघाले असते, तर हा लेख मी कदाचित लिहू शकलो नसतो.

श्वसनाच्या साथीत इतर तापांचे काय होते, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही. सरकारी तक्त्यांकडे पाहिले तर उत्तर सोपे दिसते: २०२० आणि २०२१ मध्ये कित्येक संसर्ग कमी झाले. पण ते कमी होणे दोन प्रकारचे होते. काही रोग खरोखर मागे हटले होते. काहींकडे आपण पाहणे सोडले होते. तक्त्यात दोन्ही ठिकाणी सारखाच छोटा आकडा छापला जातो.

आधी खऱ्या शांततेविषयी. मुलांमधील विषाणूजन्य मेनिंजायटिसचे सर्वांत मोठे कारण म्हणजे एन्टेरोव्हायरसचे कुळ. पोलिओचा विषाणू याच घराण्यातला. हे विषाणू बहुतेक अस्वच्छ हातांतून, पाण्यातून, एकत्र खेळणाऱ्या मुलांतून पसरतात. शाळा बंद, हात धुतलेले, तोंडावर मुखपट्टी, म्हटल्यावर त्यांचा रस्ताच तुटला. अमेरिकेतील उदाहरण बोलके आहे. तेथे एन्टेरोव्हायरस डी-६८ मुळे मुलांच्या हातापायांना पोलिओसारखा लुळेपणा येण्याची लाट २०१४ पासून दर दुसऱ्या वर्षी येत होती. २०१८ मध्ये असे २३८ रुग्ण निश्चित झाले होते. २०२० हे लाटेचे वर्ष. तेथील रोगनियंत्रण केंद्राने ऑगस्टमध्ये डॉक्टरांना सावधही केले. लाट आली नाही. वर्षभरात तिसाच्या आसपास रुग्ण सापडले. पण न आलेली लाट म्हणजे संपलेला समुद्र नव्हे. दोन वर्षे ज्या मुलांना हे विषाणू भेटलेच नाहीत, त्यांची संख्या वाढत गेली. २०२१ च्या शरदात युरोपात डी-६८ परतला. २०२२-२३ मध्ये फ्रान्समध्ये एकोव्हायरस-११ ने नऊ नवजात बालकांना गंभीर आजारी पाडले, त्यांतील सात दगावली. आणि आपल्याकडे, मे २०२२ मध्ये केरळच्या कोल्लम जिल्ह्यात मुलांच्या अंगावर लाल फोड उठू लागले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला ‘टोमॅटो फ्लू’ असे चटपटीत नाव दिले. जुलैअखेर पाच वर्षांखालच्या ८२ मुलांची नोंद झाली. टोमॅटोशी किंवा फ्लूशी त्याचा काही संबंध नव्हता. केरळहून ब्रिटनला परतलेल्या दोन मुलांच्या नमुन्यांत कॉक्सॅकी ए-१६ सापडला, एन्टेरोव्हायरसच्याच कुळातला. नाव चुकले की शोधही चुकतो, हे या नावाकडे पाहून पुन्हा जाणवले.

आता गालगुंड. आमच्या अग्रहारातील आजीबाई अजून गालगुंडाला लेप लावतात आणि आठ दिवसांत मूल खेळू लागते, हेही खरे आहे. पण गालगुंडाचा विषाणू मज्जासंस्थेचा मोठा शौकीन. लस येण्यापूर्वी अनेक देशांत विषाणूजन्य मेनिंजायटिसच्या प्रमुख कारणांत त्याची गणना होई. गालगुंड झालेल्या निम्म्याअधिक लोकांच्या पाठीच्या पाण्यात सूक्ष्म बदल दिसतात. मेनिंजायटिसची उघड लक्षणे शंभरात एक ते दहा जणांत. कधीकधी गाल सुजतच नाही आणि मेनिंजायटिस तेवढा होतो. क्वचित एका कानाचे ऐकणे कायमचे जाते. मूल एका कानाने ऐकत राहते, म्हणून ते कळायलाही वर्ष-दोन वर्षे लागतात.

२०२३ च्या अखेरीपासून गालगुंड देशभर उसळला. केरळात २०२४ च्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत अकरा हजारांच्या आसपास रुग्ण नोंदले गेले. महाराष्ट्रातील, तेलंगणातील बालरोगतज्ज्ञही सुजलेल्या गालांच्या रांगा पाहत होते. टाळेबंदीत न भेटलेला विषाणू एकदम भेटला, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण आपल्या लसीकरणाच्या तक्त्यात आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेला लसीची प्रचंड मोहीम सुरू केली. पहिल्या टप्प्यात कर्नाटक आणि गोवा ही राज्ये होती. आमच्या फुलविक्रेत्याचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता आणि त्याच्या शाळेतच त्याच्या दंडाला ती सुई टोचली गेली. गोवर आणि रुबेला. गालगुंड नाही. खासगी दवाखान्यात ज्यांचे आईबाप पैसे मोजतात त्या मुलांना तिन्ही रोगांची एकत्रित लस मिळते. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना तिचे तीन डोस सुचवते. सरकारी केंद्रात दोनच रोगांची. जगातील १२० हून अधिक देशांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात गालगुंडाची लस आहे.

आपल्याकडे ती का नाही, याचे उत्तर नेहमी असे दिले जाते की गालगुंडाने मृत्यू क्वचितच होतात आणि या रोगाचा भार दाखवणारी पुरेशी आकडेवारी नाही. पहिले म्हणणे मान्य. दुसरे ऐकले की मला त्या मुलाचा कागद आठवतो. ‘व्हायरल मेनिंजायटिस. प्रकृती सुधारली.’ कोणत्या तक्त्यात गेला तो? आकडेवारी नाही म्हणून लस नाही आणि लस कार्यक्रमात नाही म्हणून कोणी मोजत नाही, अशा वर्तुळात एक आख्खी पिढी वाढली आहे.

या लसीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती सांगितली नाही तर अफवा सांगतात. गालगुंडाच्या लसीतील जिवंत, दुबळा केलेला विषाणू कोणत्या वाणाचा आहे यावर बरेच अवलंबून असते. ‘उराबे’ नावाचा वाण वापरलेल्या लसीमुळे काही मुलांना सौम्य मेनिंजायटिस होतो हे लक्षात आल्यावर ब्रिटनने १९९२ मध्ये त्या लसी मागे घेतल्या, आणि जपानने १९९३ मध्ये एकत्रित लसच थांबवली. ब्राझीलमध्ये मोठ्या मोहिमांनंतर ‘लेनिनग्राद-झाग्रेब’ वाणाबाबतही अशाच नोंदी झाल्या. ही मुले बहुतेक बरी झाली. तरीही सरकारने लस निवडताना हा हिशोब उघड मांडला पाहिजे. पण हा हिशोब ब्रिटन-जपानला का करता आला? कारण तेथे मेनिंजायटिस झालेल्या मुलाच्या पाठीचे पाणी तपासले जाई आणि त्यातला विषाणू लसीचा की रानटी, हेही पाहिले जाई. आपण उद्या कार्यक्रमात लस आणली आणि पाणी तपासलेच नाही, तर लसीचा दोषही आपल्याला दिसणार नाही आणि गुणही.

दुसरी शांतता खोटी. तिच्यासाठी अग्रहाराहून फार दूर जावे लागत नाही.

म्हैसूरहून दोनेक तासांच्या वाटेवर बंदीपूरचे जंगल आहे. २०१२ च्या हिवाळ्यात तेथे माकडे मरून पडू लागली आणि त्यांची विल्हेवाट लावणाऱ्या माणसांना ताप भरला. तो क्यासनूर अरण्यज्वर होता. कन्नडमध्ये ‘मंगन कायिले’, कोकणात ‘माकडताप’. १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या रानात तो प्रथम ओळखला गेला. माकडे मरत असल्याने सुरुवातीला पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी भीती होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, विषाणू वेगळा काढला आणि तो गोचिडांमधून माणसात येतो हे दाखवले. अर्धशतक तो शिवमोग्गाच्या आसपास राहिला. मग बंदीपूर, वायनाड, २०१५ मध्ये गोव्याचा सत्तरी तालुका आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग. काजूच्या बागेत पानगळीवर वाकून बोंडे वेचणाऱ्या बायाबापड्यांना तो सर्वाधिक गाठतो, कारण गोचिडांचा आणि काजूचा हंगाम एकच: डिसेंबर ते मे.

या तापाची चाल समजून घेतली पाहिजे. एकदम भरून येणारा ताप, अंग मोडणे, कपाळात कळा. आठ-दहा दिवसांत उतरतो. माणूस उठून कामाला लागतो. आणि मग दहा ते वीस टक्के रोग्यांत आठ-पंधरा दिवसांनी ताप परत येतो; या वेळी मान आखडते, हात थरथरतात, माणूस बरळू लागतो. दुसरी चढाई मेंदूवर आणि त्याच्या आवरणांवर असते. शंभरात तीन ते पाच दगावतात.

२०१८-१९ च्या हंगामात सागर तालुक्यातील अरळगोडू हे गाव या तापाने हवालदिल झाले होते. त्यानंतरचे वर्ष २०२०. २५ मार्चला देश बंद झाला तेव्हा माकडतापाचा हंगाम भरात होता आणि शिवमोग्गा व उत्तर कन्नड जिल्ह्यांत रुग्ण सापडतच होते. दोन्ही तापांची पहिली लक्षणे जवळजवळ सारखी. तालुक्याचा आरोग्य अधिकारी तोच, रक्ताचा नमुना घेणारा तंत्रज्ञ तोच, घरोघर फिरणारी आशाताई तीच. फक्त तिच्या हातातील नोंदवहीवरचे नाव बदलले होते. ताप आला म्हणून सांगितले तर उचलून विलगीकरणात नेतील, या भीतीने लोक घरात बसत. ज्या रोगाची ओळख दुसऱ्या तापावरून पटते, त्यात पहिला ताप लपवला गेला की ओळखच पुसली जाते.

येथे पुण्याच्या त्याच संस्थेचा पुन्हा उल्लेख करावा लागतो. जानेवारी २०२० च्या अखेरीस केरळातील त्रिशूरच्या विद्यार्थिनीचा नमुना, देशातील पहिला कोविडरुग्ण ठरलेला, तेथेच तपासला गेला. त्या वेळी ही तपासणी करू शकणारी ती एकटी प्रयोगशाळा होती. जून संपता संपता देशात अशा प्रयोगशाळांची संख्या हजारावर गेली. पाच महिन्यांत एकापासून हजार! आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात अशा गोष्टी फार नाहीत, आणि टीका करण्याची सवय जडलेल्या माझ्यासारख्यानेही त्याला दाद दिली पाहिजे. ती यंत्रे आजही आहेत. यंत्राला नाकातला स्राव आणि पाठीतले पाणी यांतला भेद कळत नाही. प्रायमर बदलला की तेच यंत्र एन्टेरोव्हायरस शोधते, गालगुंड शोधते, माकडताप शोधते. पण नमुना यंत्रापर्यंत पोहोचवणारा रस्ता आपण नाकापुरताच बांधला.

पाठीतून पाणी काढायला प्रशिक्षित डॉक्टर, स्वच्छ जागा आणि अर्धा तास लागतो. त्याहून जास्त लागतो तो विश्वास. ‘पाठीतून पाणी काढले की माणूस लुळा पडतो’ हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकले असेल! ज्यांचे रोगी मुळातच मरणाच्या दारात होते, त्यांचे पाणी काढले गेले आणि ते गेले. लोकांनी सुई आणि मरण यांची सांगड घातली. ती सांगड तोडायला कोविडकाळात कोणाला वेळ होता? संरक्षक पोशाख चढवून, चष्म्यावर वाफ साठलेली असताना तळमळणाऱ्या मुलाच्या दोन मणक्यांच्या मधली फट शोधणे सोपे नव्हते, हे मी समजू शकतो. आणि तरी, खुद्द कोविडच्या बाबतीतही ही सुई टाळणे चुकीचे ठरू शकत होते. जपानच्या यामानाशी प्रांतातील चोवीस वर्षांच्या एका तरुणाला साथीच्या अगदी आरंभी मेनिंजायटिस झाला, तेव्हा नाकाच्या नमुन्यात कोरोनाचा विषाणू मिळाला नाही. तो मिळाला पाठीतल्या पाण्यात.

विषाणूला नाव मिळाल्याने काय फरक पडतो, त्यावर औषध तर नाहीच, असे माझे काही समव्यवसायी म्हणतात. त्यांना मी गोरखपूरची आठवण देतो. पूर्व उत्तर प्रदेशात दर पावसाळ्यात शेकडो मुले मेंदुज्वराने मरत. २००५ मध्ये जपानी मेंदुज्वराने हजाराहून अधिक बळी घेतले. पुढच्या वर्षीपासून लस आली, जपानी मेंदुज्वर घटला, तरी मुले मरतच राहिली आणि कागदावर ‘कारण अज्ञात’ असे लिहिले जात राहिले. वैज्ञानिकांनी चिकाटीने नमुने तपासले, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांत स्क्रब टायफसच्या खुणा सापडल्या. तो विषाणूही नव्हता; गवतातील बारीक किड्यांच्या चाव्यातून येणारा जंतू, स्वस्तातल्या डॉक्सिसायक्लिनने किंवा अझिथ्रोमायसिनने बरा होणारा. ‘कारण अज्ञात’ या दोन शब्दांखाली किती मुले गेली असतील, ते मोजायला आता मार्ग नाही.

आमचे अग्रहार साथींना नवखे नाही. १८९८ मध्ये बंगळूरपाठोपाठ म्हैसुरात प्लेग शिरला आणि या दाट वस्तीतील कुटुंबे शहराबाहेरच्या झोपड्यांत जाऊन राहिली; शहर मोकळे करण्यासाठी १९०३ मध्ये नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले, ते त्याच धास्तीतून. आमच्या घरातल्या जुन्या गोष्टींत त्या वर्षांतला प्रत्येक मृत्यू प्लेगचाच आहे. बाळंतरोगाने, विषमज्वराने, क्षयाने कोणी मेलेच नसेल काय? मग १९१८ चा इन्फ्लुएंझा, ज्याने भारतात कोट्यवधी माणसे नेली. त्याच सुमारास जगभर एक विचित्र मेंदुज्वर पसरला होता. रोगी आठवडेच्या आठवडे झोपून राहत, काही दशकांनी कंपवाताने जखडत. व्हिएन्नाच्या फॉन एकोनोमो यांनी १९१७ मध्ये त्याचे वर्णन केले. तो इन्फ्लुएंझामुळे होता की दुसऱ्याच एखाद्या विषाणूमुळे, याचा वाद शंभर वर्षे चालला आहे. रोगी जिवंत असताना पाहायला हवे ते पाहण्याची साधने तेव्हा नव्हती. आपल्याकडे ती होती.

माकडतापाच्या लसीची गोष्ट तर आणखी खेदाची. जुनी लस अनेक दशके कर्नाटकात दिली जाई. दोन डोस घेतलेल्यांना सुमारे ६२ टक्के आणि वर्धक मात्रा घेतलेल्यांना सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळते, असे २०१३ च्या अभ्यासात दिसले होते. त्यानंतर तिच्या परिणामकारकतेविषयी शंका वाढत गेल्या. २०२२ नंतर ती देणे थांबले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने नव्या लसीचे काम सुरू आहे. एका श्वसनविषाणूवर देशात वर्षभरात लस तयार झाली आणि अब्जावधी मात्रा टोचल्या गेल्या. काजूच्या बागेतल्या बाईच्या वाट्याला मात्र सध्या अंगाला लावायचे गोचीडरोधक तेल आहे. ही तुलना अन्यायाची आहे, हे मला ठाऊक आहे. रोगाचा आवाका वेगळा, पैसा वेगळा, जगाचे लक्ष वेगळे. तरीही दरवर्षी डिसेंबर उजाडला की ती मनात आल्यावाचून राहत नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात देशात, मुख्यतः गुजरातमध्ये, मुलांना तीव्र मेंदुज्वराने गाठले. जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत २४५ रुग्ण, ८२ मृत्यू. त्यांतील ६४ जणांत चांदीपुरा विषाणू निश्चित झाला. नागपूरजवळच्या गावाचे नाव धारण करणारा, १९६५ मध्ये पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी शोधलेला हा विषाणू. उरलेल्या १८१ मुलांना काय झाले होते? ही साथ कोविडच्या काळातली नव्हती. कोणतीही टाळेबंदी नव्हती, प्रयोगशाळा मोकळ्या होत्या, आणि तरीही दर चार रुग्णांतील एकालाच नाव मिळाले. म्हणजे महासाथीने आपल्याला अंधारात ढकलले हे पूर्ण खरे नाही. अंधार आधीचाच होता. महासाथीने त्यातला मिणमिणता दिवा तेवढा काढून नेला.

फुलविक्रेत्याचा मुलगा आता दाढी फुटायच्या वयाचा झाला आहे. शाळा पुन्हा भरल्या तेव्हा त्याच्या बाईंच्या लक्षात आले की डाव्या बाजूने हाक मारली तर तो ओ देत नाही. तपासणीत डावा कान जवळजवळ गेलेला निघाला. ते २०२० च्या त्या आठवड्यात झाले का, आणि झाले असेल तर गालगुंडाच्या विषाणूने का, असे त्याच्या आईने मला विचारले. त्या पाठीतल्या पाण्याचे चार थेंब कोणी जपून ठेवले असते, तर मी तिला उत्तर देऊ शकलो असतो. मुलगा वर्गात डाव्या भिंतीशी बसतो, म्हणजे सगळा वर्ग त्याच्या उजव्या कानाकडे येतो. बाजारात वडिलांना मदत करतानाही तो टोपलीच्या डाव्या टोकाला उभा राहतो.

त्याला धाकटी बहीण आहे. गेल्या महिन्यात आई तिला घेऊन आली. सरकारी केंद्रातली सगळी टोचणी वेळेवर झाली होती. कार्डावर एकही रकाना रिकामा नव्हता. ‘‘यात गालगुंडाचं आहे का, डॉक्टर?’’ तिने विचारले. मी नाही म्हणालो. तिने किंमत विचारली, पदराच्या गाठीतले पैसे मोजले, आणि उरलेले शनिवारी, फुलांचा बाजार झाल्यावर देते म्हणाली.